भुलणारा आधी, भुलवणारी नंतर

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा मिळेल. तुमच्या महाविद्यालयाचा संघ यंदा एकांकिकेत विश्वामित्र-मेनकेचा प्रवेश करतोय. मेनकेचं काम करणारी मुलगी तालमीत अवघडते. एक दिवस तिने तुम्हाला सरळ विचारलं, "तप त्याचं मोडलं, मग बदनाम मी का?" तुम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्ही विचारता की, साहित्यात आणि कलेत हे भुलवणं इतक्या वेळा का येतं, ते सगळं बाईवर खापर फोडण्यासाठीच रचलंय का, आणि रंगमंचावर ते ओंगळ न होता कसं उभं करायचं.

मी कोल्हापुरात एकतीस वर्षं नाटकं आणि नृत्यं बसवते आहे. मेनका माझ्या हातून चार वेळा झाली. पहिल्या खेपेला फार वाईट झाली, ते पुढे सांगते. आधी एवढंच सांगते की त्या मुलीचा प्रश्न हाच तुमचा प्रवेश आहे. तिची समजूत काढून तिला उभं करू नका. तो प्रश्न घेऊनच तिला उभी राहू द्या.

आता शब्दांकडे बघू. मराठीत या प्रकाराला एकच एक शब्द नाही. भुरळ घालणं, मोहिनी घालणं, नादी लावणं, गळाला लावणं, फशी पाडणं, फूस लावणं. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द दोष कोणाचा हे आधीच ठरवून येतो. 'फूस लावून पळवली' म्हटलं की पुरुष लबाड आणि मुलगी अजाण. 'तिच्या नादी लागला' म्हटलं की पोरगा भोळा आणि बाई वाईट. दोन्हीकडे एकाला डोकंच नाही असं आपण धरून चालतो.

मला भूल हा शब्द सगळ्यात खरा वाटतो. भूल म्हणजे मोह. भूल म्हणजे चूकही, आपण 'चूकभूल द्यावी घ्यावी' लिहितो ती. रानात ओळखीची वाट सापडेनाशी होते ती रानभूल, आणि शस्त्रक्रियेआधी डॉक्टर देतात तीही भूल. आता व्याकरण बघा. 'भुलणं' हे मूळ क्रियापद आहे, 'भुलवणं' हे त्याचं प्रयोजक रूप, हसणं-हसवणं असतं तसं. समोरचा हसलाच नाही तर हसवणाऱ्याने कितीही केलं तरी हसवणं घडत नाही. भाषेने क्रम लावून दिलाय, भुलणारा आधी आणि भुलवणारी नंतर. आपल्या चांगल्या कवींनी तो क्रम पाळला आहे. कॅलेंडरं, कीर्तनातले सवंग दाखले आणि सिनेमातले नाच यांनी तो उलटा केला.

वाल्मीकींचंच घ्या. बालकांडातला मेनकेचा प्रसंग मूळ श्लोकांत वाचा, फार लहान आहे. पुष्कर तीर्थावर विश्वामित्र तप करतोय. मेनका तिथे आंघोळीला येते. ढगात वीज दिसावी तशी ती त्याला दिसते, आणि बोलतो तो. तुझं स्वागत आहे, माझ्या आश्रमात राहा, मदनाने मला मोहित केलंय, माझ्यावर कृपा कर, असं तोच म्हणतो. मेनकेच्या तोंडी तिथे एक शब्द नाही. ती नाचत नाही, गात नाही, पदर ढाळत नाही. मग दहा वर्षं जातात, आणि ती एका दिवसरात्रीसारखी गेली असं कवी म्हणतो. भान आल्यावर विश्वामित्राला वाटतं की हे सगळं देवांचं कारस्थान. तेव्हा मेनका समोर हात जोडून थरथरत उभी असते. तो तिला गोड शब्दांत निरोप देतो आणि उत्तरेला निघून जातो.

ती थरथरते का, याचं उत्तर महाभारतात आहे. आदिपर्वात शकुंतलेच्या कथेत इंद्र मेनकेला बोलावून कामगिरीवर पाठवतो, आणि ती आधी नाही म्हणते. ज्याने वसिष्ठांची मुलं गमवायला लावली, ज्याला तुम्ही स्वतः भिता, त्याला मी भिऊ नको तर काय करू, असं ती देवांच्या राजाला तोंडावर विचारते. मग जाणं टळत नाही म्हटल्यावर ती मदत मागते. मी खेळत असताना वाऱ्याने माझं वस्त्र उडवावं, मदनाने सोबत यावं, असं. म्हणजे ज्याला आपण तिची मादक अदा समजतो, तो भ्यालेल्या बाईने कामावर जाण्यापूर्वी केलेला बंदोबस्त आहे. तुमच्या मुलीला हा संवाद वाचायला द्या. माझ्या मते मेनकेचा खरा प्रवेश इंद्राच्या दरबारात आहे, तपोवनात नंतर.

आणि रंभेला विसरू नका. बालकांडात मेनकेनंतर लगेच रंभेची गोष्ट येते. इंद्र तिलाही पाठवतो, तीही घाबरून नको म्हणते, इंद्र कोकिळेचं रूप घेऊन मदनासह तिच्याबरोबर जातो. या वेळी विश्वामित्र सावध आहे. त्याला डाव कळतो, आणि तो शाप कोणाला देतो? इंद्राला नव्हे, रंभेला. दहा हजार वर्षं दगड होऊन पड. बाईने काहीच साधलेलं नाही तरी शिक्षा तिला. पण वाल्मीकी तिथेच थांबत नाहीत. शाप देताच रागापायी विश्वामित्राचं तप पुन्हा खर्च झालं, असं ते स्पष्ट सांगतात. आधी कामाने गेलं, आता क्रोधाने गेलं. मेनकेबरोबर तप गेलं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रंभेवर रागावून गेलं हे सांगणारा कीर्तनकार मला क्वचितच भेटला.

चित्राने काय केलं तेही बघा. राजा रविवर्म्याने मुंबईत १८९४ साली छापखाना काढला, आणि त्यातून निघालेल्या सुरुवातीच्या तसबिरींत शकुंतलाजन्माची तसबीर होती. मेनका तान्हं बाळ पुढे करते आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतो आहे. माझ्या आजीच्या माजघरात ही तसबीर होती. मी लहानपणी आजीला विचारायची, हे बाबा बाळाकडे बघत का नाहीत? महाभारतात मेनकाच मुलीला मालिनी नदीच्या काठी ठेवून निघून जाते आणि पक्षी त्या बाळाची राखण करतात. चित्रकाराने तो क्षण बदलला, नाकारणारा हात विश्वामित्राचा केला. कथेत नसलेली गोष्ट त्या हातात आली आणि लाखो घरांत पोचली. तुमच्या एकांकिकेला तो हात उपयोगी पडेल.

आता आपल्या मातीकडे येते. या विषयावरचं आपलं सर्वांत जुनं धन म्हणजे गाथासप्तशती. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा. त्यात राजवाडे फारसे नाहीत. शेतं आहेत, पाटील आहे, सासू-नणंदा आहेत, वाटसरू आहेत. त्यातली एक गाथा मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते. पाणपोईवर एक वाटसरू ओंजळ धरून पाणी पितोय. त्याने नजर वर केली आहे आणि बोटं सैल सोडली आहेत, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणं लांबेल. वरून पाणी घालणारी बाई धार बारीक करत चालली आहे, म्हणजे भांडं लवकर रिकामं होणार नाही. गाथा एवढीच. कोणी बोललं नाही, कोणी कोणाला हात लावला नाही. कोण कोणाला भुलवतंय ते सांगा बघू! बोटं त्याची सैल, धार तिची बारीक, आणि दोघांनाही दुसऱ्याचं कळलेलं आहे. शृंगाराचं याहून नेमकं दृश्य मला कुठल्याही साहित्यात सापडलेलं नाही.

तालमीत मी ही गाथा करूनच घेते. एक तांब्या, एक ओंजळ. मुलं आधी हसतात. मग धार बारीक करायला मनगटाला केवढा ताबा लागतो हे कळलं की आपोआप गप्प होतात.

याच संग्रहातली आणखी एक गाथा शहाण्यांच्या वादात गाजली. घरातली सून मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते की सासू इथे झोपते, मी इथे झोपते, दिवसाउजेडी नीट बघून ठेव. तुला रात्री दिसत नाही, उगाच आमच्या अंथरुणावर येऊन पडशील. शब्दांत नकार आहे, अर्थात आमंत्रण. दुसऱ्या एका गाथेत उलटं आहे. गोदावरीकाठच्या झाडीत प्रियकराला भेटणारी बाई तिथे फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिक माणसाला म्हणते की, तुम्ही खुशाल फिरा, ते कुत्रं आता नाही, त्याला सिंहाने मारलं. शब्दांत निमंत्रण आहे, अर्थात 'इकडे फिरकू नका'. नवव्या शतकात काश्मीरच्या काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनी म्हणजे काय हे समजावताना या गाथा उदाहरणाला घेतल्या. काव्यात न बोललेलं कसं ऐकू येतं, हे सांगायला त्याला महाराष्ट्री बोलणाऱ्या बायकांची चतुराई लागली, याचा मला अभिमान वाटतो.

संतांनीही हा विषय टाळलेला नाही. एकनाथांची 'वारियाने कुंडल हाले' ही गौळण आपण लग्नात, भजनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकतो, पण नीट ऐकतो का? राधा डोळे मोडीत चालली आहे. तिला बघून हरी भुलतो आणि गाईऐवजी बैलाचं दूध काढायला बसतो. त्याला बघून राधा भुलते आणि रिकामा डेरा घुसळत राहते. दोघांच्या हातून एकाच वेळी वेडेपणा घडतो. देव भुलला हे सांगायला नाथांना संकोच नाही, आणि राधेला त्यांनी मोहात पाडणारी बया केलेलं नाही. शेवटी मन मनाला मिळतं आणि कवी स्वतः जनार्दनाला भुलतो. भुलण्याला भक्तीपर्यंत नेणारी वाट नाथांनी एका गौळणीत घातली आहे.

आता अवघड भागाकडे येते, कारण तुमच्या मुलीची भीती याच ठिकाणची आहे. आपण सहज 'हावभाव' म्हणतो. भाव, हाव आणि हेला ही नाट्यशास्त्रातली क्रमवार नावं आहेत. मनातली चाहूल, मग ती डोळ्याभुवईतून दिसणं, मग ती उघड ललित होणं. त्यापुढे नाट्यशास्त्राच्या भरतमुनीने स्त्रीच्या दहा सहज अलंकारांची यादी दिली आहे. त्यात लीला आहे, विलास आहे, विभ्रम आहे, आणि कुट्टमित आहे. कुट्टमित म्हणजे प्रियकराने केसांना, ओठांना स्पर्श केल्यावर आतून आनंद असताना वरून त्रासल्याचा आविर्भाव. हे एकमेकांच्या झालेल्या दोघांमधलं लाडिक नाटक आहे. पुढच्या लोकांनी, विशेषतः सिनेमाने, तेच रस्त्यावरच्या अनोळखी मुलीला लावलं आणि 'तिचं नाही म्हणजे हो' असा धडा पिढ्यान्‌पिढ्या दिला. कुट्टमित शिकवताना मी आधी विचारते की, हे दोघे कोण आहेत, यांचं काय ठरलं आहे? ते ठरलेलं नसेल तर तो शृंगार नव्हे, तो कीचक आहे.

कीचक आम्हा कोल्हापूरकरांच्या ओळखीचा. खाडिलकरांनी १९०७ साली कीचकवधावर नाटक लिहिलं, कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. दहा वर्षांनी, १९२० मध्ये, बाबूराव पेंटरांनी इथेच कोल्हापुरात तीच कथा 'सैरंध्री' म्हणून पडद्यावर आणली. राजकारण बाजूला ठेवून महाभारतातलं मूळ विराटपर्व बघा. सैरंध्री म्हणजे अज्ञातवासात विराट राजाच्या घरी दासी बनून राहिलेली द्रौपदी. राणीचा भाऊ कीचक तिच्या मागे लागतो. ती त्याला स्पष्ट नकार देते, मला पाच गंधर्व पती आहेत म्हणून सांगते. त्याला तो नकार ऐकूच येत नाही. राणी सुदेष्णा तिला मद्य आणायच्या निमित्ताने त्याच्या घरी धाडते. राजसभेत तो तिला लाथ मारतो आणि राजा बघत राहतो. मग ती भीमाशी ठरवून कीचकाला रात्री नर्तनशाळेत बोलावते. तिचा नकार त्याने मानला नव्हता. होकार मात्र त्याला ताबडतोब खरा वाटला. तो नटूनथटून, अत्तर लावून येतो. भुलवणं हे तिथे शेवटचं हत्यार आहे, बाकी सगळे दरवाजे बंद झाल्यावर उचललेलं.

लावणीबद्दल लिहिल्याशिवाय आमच्या भागातलं उत्तर पुरं होणार नाही, आणि इथे मला जरा रेंगाळायचं आहे. लोकांना फडाची लावणी माहीत असते, ढोलकी, चाळ, शिट्ट्या. बैठकीची लावणी ऐकलेले आता कमी. त्यात कलावंतीण बसून गाते आणि बसूनच अदा करते. एकच ओळ दहा वेळा येते आणि दर वेळी अर्थ वेगळा. 'या बसा' एवढ्याच शब्दांत एकदा मान असतो, एकदा रुसवा, एकदा उशिरा आल्याची तक्रार, एकदा परत जाऊ नये म्हणून काकुळती. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. त्यांच्यासारख्यांच्या अदेत अंग कमी आणि भुवई जास्त असायची. संगीतबारीत, म्हणजे नुसत्या गाण्या-नाचाच्या तमाशात, आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे मी दोन वर्षं शिकायला जात होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की डोळा मारायचा नसतो, नुसता उचलायचा असतो. उरलेलं समोरचा स्वतःच करतो. मी भुलणाऱ्याबद्दल इतका वेळ जे सांगते आहे ते त्यांचंच आहे.

पण त्याच बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. त्या अदेवर घर चालायचं, आणि समोर बसलेल्याला त्या नको म्हणू शकत नव्हत्या. बाईच्या तोंडची ही गाणी बहुतेक पुरुष शाहिरांनी रचली आणि गायली ती ठरावीक जातींतल्या बायकांनी. गावाने रात्री ऐकलं आणि सकाळी नाक मुरडलं. देवाला मुली सोडण्याची चाल याच परिसरातली, आणि शाहू महाराजांनी १९२० साली आपल्या संस्थानात तिच्याविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे. म्हणून तुम्ही शृंगार शिकवाल तेव्हा एक प्रश्न कायम समोर ठेवा. हिला इथून उठून जाता येतं का? पाणपोईवरच्या बाईला तांब्या खाली ठेवता येत होता. मेनकेला येत नव्हता.

लावणीच्याच जगातलं 'पिंजरा' तुमच्या मुलांनी पाहिलं असेल. १९७२ सालचा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि गीतकार जगदीश खेबुडकर, दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातले. गोष्टीचं बीज १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाचं, एका शिस्तीच्या मास्तराच्या घसरणीचं. लोक म्हणतात, तमासगिरीणीने गुरुजींना बिघडवलं. मला तो वेगळा दिसतो. गुरुजींना गावाने इतकं उंच बसवून ठेवलंय की त्यांना माणूस म्हणून चुकायलाही जागा उरलेली नाही. तमाशा गावाबाहेर काढण्याचा त्यांचा आवेश बघा. ज्याला त्याची ओढ नाही तो एवढा आवेश आणत नाही. गाव त्यांना मेलेलं समजत असतं, आणि शेवटी ते स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फासावर जायला तयार होतात, का, तर गावाच्या मनातली मूर्ती फुटू नये म्हणून. तिने त्यांना पाडलं म्हणण्यापेक्षा ते कशावरून पडले ते बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कालिदासाने कुमारसंभवात हाच विषय पार उलटवला आहे. पार्वतीला शंकर हवा आहे. मदन मदतीला येतो, वसंत अवकाळी फुलतो, सगळी तयारी इंद्राचीच. शंकर क्षणभर विचलित होतो आणि मग तिसरा डोळा उघडून मदनाला जाळतो. पाचव्या सर्गाच्या सुरुवातीला पार्वती मनातल्या मनात स्वतःच्या रूपालाच दोष देते. रूपाने जमलं नाही म्हणून ती तपाला बसते, आणि अखेर शंकर म्हणतो की आजपासून मी तुझा दास, तुझ्या तपाने विकत घेतलेला. मेनकेच्या कथेत रूप तपाला मोडतं, इथे तपच भुलवतं. पार्वती कोणाची पाठवलेली नाही, तिला स्वतःला तो हवा आहे, म्हणूनच ती जिंकते असं मला वाटतं.

आमच्या जिल्ह्यात आणखी एक परंपरा जिवंत आहे आणि नाटकवाले तिच्याकडे बघत नाहीत याचं मला वाईट वाटतं. दिगंबर जैन समाजाच्या पंचकल्याणक पूजेत, म्हणजे तीर्थंकराच्या आयुष्यातल्या पाच मंगल प्रसंगांच्या सोहळ्यात, नीलांजनेचं नृत्य होतं. कथा जिनसेनाच्या आदिपुराणातली, राष्ट्रकूट काळातली. पुढे पहिला तीर्थंकर झालेला वृषभदेव राजा राज्यात रमलेला आहे. त्याने विरक्त व्हावं म्हणून इंद्र अप्सरा पाठवतो, आणि मुद्दाम अशी पाठवतो की जिचं आयुष्य नाचता नाचता संपणार आहे. नीलांजना नाचते आणि नृत्यातच नाहीशी होते. इंद्र क्षणात तिच्या जागी तशीच दुसरी उभी करतो, रसभंग होऊ नये म्हणून. सभेला कळत नाही. वृषभदेवाला कळतं, आणि तो उठतो तो दीक्षेसाठीच. अप्सरा तीच, इंद्र तोच, काम मात्र उलटं, तप मोडण्याऐवजी तपाला लावण्याचं. शिरोळ भागातल्या एका गावात मी हे नृत्य बसवलं होतं. नाहीशी होण्याचा तो क्षण साधायला मला तीन आठवडे लागले. शेवटी सोपी गोष्ट सापडली. चाळ थांबवायचे नाहीत, फक्त एक मात्रा गाळायची.

शिरोळ तालुक्यात आलाच तर खिद्रापूरला मुलांना घेऊन जा, कोल्हापूरहून साठेक किलोमीटर आहे. कृष्णाकाठचं कोपेश्वराचं मंदिर, शिलाहारांच्या काळातलं. सती गेल्यावर कोपलेला शंकर तो कोपेश्वर, आणि त्याची समजूत काढायला आलेला विष्णू धोपेश्वर म्हणून गाभाऱ्यात शेजारीच आहे. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी, म्हणजे दगडात कोरलेल्या देखण्या स्त्रिया, आहेत. आपल्याकडच्या मंदिरांवर या सुरसुंदरी काय काय करताना दिसतात ते आठवा. कुणी आरसा बघते, कुणी पत्र लिहिते, कुणी पायातला काटा काढते, कुणी ओले केस पिळते. त्या प्रत्येकीचं लक्ष स्वतःच्या कामात आहे, बघणाऱ्याकडे नाही. मुलीला सांगा, मेनका अशीच उभी करायची.

आता तालमीचं. विश्वामित्राला प्रेक्षकांच्या अगदी पुढे बसवा, डोळे मिटलेला, तोंड प्रेक्षकांकडे. मेनका मागे, पाण्याशी. ती केस धुते, स्वतःशीच काहीतरी गुणगुणते, तिला तो तिथे आहे हेही माहीत नाही असं करा. मागे भय असूनही पाणी अंगावर घेतल्यावर माणसाला जसं बरं वाटतं, तेवढंच. भूल आम्हाला त्याच्या चेहऱ्यावर दिसली पाहिजे. आधी कान, मग श्वास, मग डोळे. तिच्या अंगावर झगझगीत प्रकाश टाकू नका. वाऱ्याने वस्त्र उडण्याचा भाग पखवाजाच्या एका परनेत, म्हणजे बोलांच्या एका बांधलेल्या तुकड्यात, भागतो, कापडाला हात लावायची गरज नाही. दहा वर्षांसाठी एकच कृती घ्या. ती दिवा लावते, तो फुंकर घालतो. दहा वेळा. लय संथ विलंबितातून जलद द्रुतात नेत जा. दहाव्या वेळी तो फुंकर घालायला वाकतो, थांबतो, आणि बोटांवर मोजू लागतो. तिथे पखवाज बंद.

स्पर्श किती, कुठे, कितव्या मात्रेवर, हे दोघांना समोरासमोर बसवून आधी ठरवा आणि प्रयोगातही तेवढाच ठेवा. तिने थांबा म्हटलं की तालीम थांबली पाहिजे, कारण न विचारता. तालमीत मोबाइलवर चित्रीकरण पूर्ण बंद. हे मी कडकपणे सांगते त्याला कारण आहे.

माझी पहिली मेनका १९९९ सालची, एका जत्रेतली. प्रयोगाच्या आदल्या रात्री आयोजक म्हणाले, नाच वाढवा, माणसं शिट्ट्या मारतील असं काहीतरी करा. मी वाढवला. ती मुलगी एकोणीस वर्षांची होती. तिने दोनदा म्हटलं, मॅडम नको. मी म्हटलं, भूमिका आहे, तू कुठे आहेस त्यात. शिट्ट्या आल्या, नोटा उधळल्या गेल्या. ती विंगेत येऊन खाली बसली आणि त्यानंतर कधीही रंगमंचावर आली नाही. आयोजकांना मी दोष देऊ शकते, पण तिने नको म्हटलं होतं ते माझ्याजवळ. त्या रात्री इंद्राचं काम मी केलं. तुमच्या मुलीचा प्रश्न वाचून मला तीच आठवली.

एक शेवटचं सुचवते. मेनका आणि रंभा एकाच मुलीला द्या. रंभेला नाचू देऊ नका, दोन पावलं टाकली की शाप. मग ती दगड होऊन रंगमंचावर तशीच राहील, विश्वामित्र पुढे ब्रह्मर्षी होईपर्यंत.

आणि भूमिका पक्क्या होण्याआधी एक दिवस त्या दोघांच्या जागा बदला. माझ्या चौथ्या मेनकेच्या वेळी मी तसं केलं. मुलगी विश्वामित्र झाली, आणि विश्वामित्र करणारा सहा फुटी, तालमीत पैलवानकी केलेला मुलगा मेनका. निरोपाच्या प्रसंगाला तो हात जोडून उभा राहिला. समोर मुलगी बोटांवर वर्षं मोजत बसली होती आणि वर बघतच नव्हती. आम्ही सगळे गप्प. दोन मिनिटं गेली असतील. त्याचे हात खरंच थरथरायला लागले, आणि त्याने हळूच विचारलं, "मी आता जाऊ का?" संहितेत ते वाक्य नव्हतं. आम्ही ते मेनकेला दिलं, आणि प्रयोगात तिने बोललेलं तेवढं एकच वाक्य होतं.